गोळी एकच, उत्तरं दोन

गेल्या शनिवारी सकाळी आत्याचा फोन आला. शनिवारी सकाळी मला उठवायची हिंमत आमच्या घरात फक्त तिचीच. "अरे, ती रोजची गोळी मी परवापासून बंद केलीय," ती म्हणाली आणि माझी झोप उडाली. दोन वर्षांपूर्वी तिचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून रोज एक टॅमॉक्सिफेन. गोळ्यांच्या खोक्यातला घडी घातलेला कागद तिने चष्मा लावून वाचला. त्यात लिहिलं होतं की या गोळीने गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो. "कॅन्सरची गोळी कॅन्सरच करणार असेल तर कशाला घ्यायची? तू इंजिनियर आहेस ना, सांग!"

इंजिनियरला सगळं येतं असा आमच्या घरात समज आहे (टीव्हीचा रिमोट बिघडला तरी मलाच फोन). म्हटलं, आत्या, मी डॉक्टर नाही, तू आधी तुझ्या डॉक्टरांना फोन कर, मनाने काही बंद करू नकोस. तिने केला. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. एकच गोळी एका जागी इस्ट्रोजेनला अडवते आणि दुसऱ्या जागी इस्ट्रोजेनसारखीच वागते? आमच्याकडे असा बग आला असता तर मी टेस्टरलाच म्हटलं असतं, नीट बघ, तुझंच काहीतरी चुकलंय. शनिवार-रविवार त्यातच गेला.

आपल्याला शाळेत शिकवलेलं चित्र कुलूप-किल्लीचं. हार्मोन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप. किल्ली फिरली की जीन चालू. (जीन, जीन्स नव्हे!) माझं मत असं की हे चित्र अर्धवट आहे आणि आपल्या बऱ्याच गैरसमजांचं मूळ तिथेच आहे. किल्ली फिरल्यावर दार उघडायला आत माणसं लागतात, आणि ती चित्रात कुठेच नाहीत.

या माणसांना को-अ‍ॅक्टिव्हेटर म्हणतात. ती प्रथिनंच असतात, पण स्वतः डीएनएला धरत नाहीत, रिसेप्टरला धरतात. इस्ट्रोजेनचा रेणू छोटा असतो, पेशीच्या आवरणातून सहज आत जातो आणि रिसेप्टरच्या पोटात बसतो. तो बसला की रिसेप्टरचा एक वळसा डब्याच्या झाकणासारखा बंद होतो आणि शेजारी एक खाच तयार होते. को-अ‍ॅक्टिव्हेटरवर एक छोटी खूण असते. पाच अमिनो आम्लं, त्यातलं पहिलं, चौथं आणि पाचवं ल्युसिन. ही खूण १९९७ मध्ये सापडली. ती त्या खाचेत बरोब्बर बसते. आणि इथून खरं काम सुरू होतं. आपल्या प्रत्येक पेशीत साधारण दोन मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून ठेवलेला असतो. को-अ‍ॅक्टिव्हेटर आणि त्यांनी बोलावून आणलेली मंडळी हिस्टोनवर रासायनिक खुणा करून ही गुंडाळी सैल करतात, आणि जीन वाचणारी यंत्रणा तिथे आणून बसवतात. म्हणजे हार्मोन हा फक्त निरोप. हमाली सगळी यांची.

गंमत म्हणजे यांचा सुगावा आधी 'कमी पडण्यावरून' लागला. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला पिएर शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की एकाच पेशीत एक रिसेप्टर जोरात कामाला लावला की दुसऱ्याचं काम मंदावतं. हे वाचल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो. हे तर आमचं रोजचं! दोन सर्व्हिसेस एकच थ्रेड पूल वापरत असतील तर एकीवर लोड आला की दुसरी रडते. शास्त्रज्ञांनीही तोच निष्कर्ष काढला, की दोघांना लागणारं काहीतरी आहे आणि ते मोजकंच आहे. १९९५ मध्ये ह्यूस्टनला बर्ट ओमॅली यांच्या गटाने असं पहिलं प्रथिन हाती लावलं, एसआरसी-१.

आता आत्याची गोळी. टॅमॉक्सिफेनही रिसेप्टरच्या त्याच पोटात बसतं, पण त्याला एक लांब हात असतो. तो झाकण नीट बंद होऊ देत नाही. बाहेर ढकललेलं झाकण थेट त्या खाचेतच जाऊन बसतं आणि को-अ‍ॅक्टिव्हेटरची जागा अडते. ब्रेस्टच्या पेशीत गोष्ट इथे संपते. उलट जीन बंद ठेवणारी प्रथिनं तिथे जमा होतात. पण रिसेप्टरच्या दुसऱ्या टोकालाही धरायला जागा आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींत एसआरसी-१ भरपूर असेल तर टॅमॉक्सिफेन असतानाही काही जीन्सपाशी को-अ‍ॅक्टिव्हेटर जमतात आणि काम सुरू होतं. २००२ मध्ये बोस्टनच्या दोन शास्त्रज्ञांनी हे करून दाखवलं. अशा पेशींतलं एसआरसी-१ त्यांनी कमी केलं, आणि टॅमॉक्सिफेनचा तिथला इस्ट्रोजेनसारखा परिणाम गेला. गोळी तीच, रिसेप्टर तोच, फक्त आतली माणसं वेगळी. म्हणजे टेस्टरचं काही चुकलं नव्हतं.

या गोळीचा इतिहासही असाच. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन यांनी ती बनवली, तेव्हा शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. उंदीर-घुशींच्या जातीत तिने गर्भ रोखला, बायकांमध्ये मात्र उलट बीजनिर्मितीला चालना दिली! याच कुळातली आपली देशी गोळी म्हणजे 'सहेली'. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मलेली, १९९१ मध्ये बाजारात आलेली. २०१६ मध्ये ती 'छाया' नावाने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमातही आली. ती गर्भाशयात इस्ट्रोजेनच्या विरुद्ध काम करते, म्हणून गर्भनिरोधक. एकाच कुळातल्या दोन गोळ्या, आणि एकाच अवयवात उलट वागणं.

म्हणून मला वाटतं, "ही गोळी चांगली की वाईट?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "कुठे, आणि कोणासाठी?" असं विचारायला हवं. टॅमॉक्सिफेनचा गर्भाशयाचा धोका खरा आहे, तो मुख्यतः पाळी थांबलेल्या बायकांमध्ये दिसतो, आणि तो लपवू नये. पण इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये पाच वर्षं ही गोळी घेतलेल्यांत पहिल्या १५ वर्षांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, हेही तितकंच खरं. खोक्यातल्या कागदावर धोका छापलेला असतो, हा हिशेब नसतो. माणूस घाबरणारच.

दुसरं म्हणजे "हार्मोन्सचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य आपण फार स्वस्त करून टाकलंय. ऑफिसात कुणी चिडली की हार्मोन्स, कुणाला मुरमं आली की हार्मोन्स. रक्ताच्या रिपोर्टमध्ये निरोप किती आले ते कळतं, पण कुठल्या पेशीत त्या निरोपाचं काय झालं ते कळत नाही. कॅन्सरच्या पेशी तर इथेच डाव टाकतात. काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये एसआरसी-३ या को-अ‍ॅक्टिव्हेटरच्या जीनच्या जादा प्रती सापडतात, हे १९९७ मध्येच दिसलं. निरोप तेवढाच, पण हमाल दुप्पट.

असो. आत्याने सोमवारपासून गोळी पुन्हा सुरू केली. डॉक्टर तिला म्हणाल्या, पाळी थांबल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी लगेच या, पण गोळी सोडू नका. मी तिला ही झाकणाची आणि खाचेची सगळी गोष्ट फोनवर सांगितली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच. नोटीस सगळ्या बिल्डिंगला एकच लागते, पण कुठे काम होतं आणि कुठे नाही, ते तिथल्या माणसांवर."

पंधरा मिनिटं मी हेच सांगत होतो.