आजच्यापुरती भाकरी



एका वाचक भगिनीचं पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर आहे. नवऱ्याचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन मुलं शाळेत. ही सकाळी लोकांना पोळ्या लाटून देते आणि दुपारी शिकवण्या घेते. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांच्याकडेही पैशाची ओढाताणच. पण डोळे मिटून देवाचे आभार मानल्याशिवाय त्या घरात कुणी घास तोंडात घालत नाही. ती विचारते, “ताई, ताटात पिठलं-भाकरी, दाराशी देणेकरी, आणि ह्या वहिनी हसतमुखानं आभार मानतात! हे मनापासून असतं की नुसती सवय? आणि माझ्यासारखीनं कशाकशाबद्दल आभार मानायचे?”

प्रश्न रोखठोक आहे. मी ख्रिस्ती घरातच वाढले, तेव्हा उत्तर टाळून चालायचं नाही.

सवय असते का? असते, बाई. रोज तीच प्रार्थना, आणि मुलांचा एक डोळा पापडाच्या ताटलीकडे. पण मला सांगा, दारात रांगोळी आपण दरवेळी मन भरून आलं म्हणूनच काढतो का? बोटं चालू लागतात, मग मन हळूहळू मागून येतं. आभारांचंही तसंच आहे. ज्या दिवशी मन जागेवर नसतं, त्या दिवशी सवयच माणसाला ताटापर्यंत आणून बसवते.

येशूनं शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात भाकरी मागितली आहे ती आजच्यापुरती. वर्षाच्या गव्हाची नाही, मुलीच्या लग्नाची नाही. यामागे एक जुनी गोष्ट आहे. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी फिरत होते, तेव्हा त्यांना रोज सकाळी जमिनीवर मान्ना मिळे. प्रत्येकानं आपल्या घरच्या माणसांपुरता गोळा करायचा. काहींनी उद्यासाठी म्हणून लपवून ठेवला, तर सकाळी त्यात किडे! डब्यावर डबे रचून ठेवणाऱ्या आपल्याला ही गोष्ट पटकन पटत नाही. पण तिथंही शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मोकळीक होती आणि तो मात्र नासत नसे. तेव्हा घरात धान्य भरून ठेवू नका, असा याचा अर्थ मुळीच नाही. उन्हाळ्यात वर्षाचे गहू मीही भरते. ज्या उद्यावर आपला हात पोचत नाही त्याची चिंता आज रांधत बसू नये, एवढंच.

आणखी एक बारकावा आहे. पाच भाकरी नि दोन मासे येशूपुढे आले, समोर पाच हजार पुरुष, बायका-मुलं वेगळीच. त्यानं आभार मानले ते वाढायच्या आधी. पुरेल की नाही हे कुणालाच दिसत नव्हतं. (उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या, हा भाग गृहिणी म्हणून मला फार आवडतो.) शेवटच्या रात्रीही तसंच. धरून देणारा माणूस त्याच पंक्तीला बसला होता, हे ठाऊक असून त्यानं भाकरी हातात घेऊन आभार मानले. सगळं सुरळीत झाल्यावर मानायचे आभार वेगळे आणि हे वेगळे.

“कारखाना बंद पडला, देवा तुझे उपकार” असं म्हणायचं का? नाही. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं ते सर्व परिस्थितीत आभार मानायला. जे वाईट आहे ते वाईटच. त्यातही देणारा आपल्याला सोडून गेलेला नाही, हा विश्वास; आभार त्याचे.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, घर कमालीच्या सोवळ्याचं. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि बाई मुलाला घेऊन मागे राहिल्या. चार-पाच वर्षं ताटातूट. त्या काळात त्या रडल्या, चिडल्या, आजारी पडल्या, काही लपवून ठेवलेलं नाही. पुढे स्वतः विचार करून जातपात सोडली, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. संसार कसा, तर हाती पैसा टिकत नाही, नवरा हातातलं दुसऱ्याला देऊन मोकळा, आणि घरात पोरकी मुलं आणून वाढवलेली. पण हे सारं त्या सांगतात ते हसत हसत, स्वतःचीच फजिती रंगवून. लग्नानंतर अक्षरं गिरवायला शिकलेल्या बाईनं लिहिलेलं हे पुस्तक १९३४ पासून भागाभागानं निघालं. त्यांचा आनंद सुखातून आलेला नव्हता, हे पानोपानी दिसतं.

आता जरा कडू बोलते. समाधान मान, देवाचे आभार मान, असं बायकांना कोण कोण सांगत असतं, ते आपण जाणतोच. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला कुणी, मग तो धर्मोपदेशक का असेना, कृतज्ञतेचा उपदेश करत असेल तर तो ऐकू नये. त्याच पौलाची गोष्ट पाहा. फिलिप्पै गावात त्याला आणि सीलाला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं. मध्यरात्री दोघं स्तुतिगीतं गात होते. एवढंच आपल्याला सांगितलं जातं. पुढचं कुणी सांगत नाही! सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, त्यांना सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशीवाचून आम्हांला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवण्या करून घेऊन गेले. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच. (तिथून ते दोघं गेले कुणाच्या घरी? जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदिया नावाच्या बाईच्या.)

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं पाहा. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, १८८२ मध्ये पती गेले, पदरात तान्ही मुलगी. बाईंची देवावरची श्रद्धा विलक्षण होती, पण त्या श्रद्धा ठेवून स्वस्थ बसल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात फिरून उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या आणि मुक्ती मिशनमध्ये त्यांना विणकाम, तेलघाणा, छपाई असे धंदे शिकवले. बाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून छापलं.

तेव्हा घरात मार बसत असेल तर १८१ ह्या महिला मदत क्रमांकावर फोन करा. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आपल्यासाठीच आहे. फोन करून आल्यावरही आभार मानता येतात.

नगर भागातल्या मंडळ्यांत सुगीचा सण पाहिला आहे का कुणी? नव्या पिकातलं पहिलं देवळात आणायचं. कुणी पायलीभर ज्वारी आणतो, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव. आपणच आणलेला भोपळा चढ्या बोलीनं परत घेऊन जाणारी माणसं असतात आणि हशा पिकतो. शेत चांगलं आलेलं नसतं त्या वर्षीही सण होतो, टोपल्या लहान असतात इतकंच.

आमच्या पत्रलेखिकेला मी धर्म बदला म्हणत नाही. ज्या देवापुढे तुम्ही रोज दिवा लावता त्यालाच सांगा. फक्त मोघम नको. ‘सगळ्याबद्दल आभार’ म्हटलं की कशाबद्दलच होत नाहीत. दुधाच्या हिशेबाची वही असते ना, तिच्या मागच्या पानावर रात्री एक ओळ लिहायची. सासूबाई आज दोन घास जास्त जेवल्या. शिकवणीचे पैसे न मागता आले. धाकट्यानं आपणहून पाणी भरलं. आणि त्याच पानावर तक्रारही लिहायची. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी देवाशी भांडणारी आहेत, आणि ती कुणी काढून टाकलेली नाहीत. एखाद्या रात्री वरची ओळ सुचणार नाही, नुसती तक्रारच होईल. होऊ द्या, पान उलटून झोपा. नवऱ्याला वही दाखवायची की नाही ते तुम्ही ठरवा. काम गेलेल्या पुरुषाला आपलं नाव चांगल्या ओळीत दिसलं तर बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. पण ते खरं असलं पाहिजे, उगीच लिहू नका.

मुलांना जेवणाआधी दोन शब्द म्हणायला लावणार असाल तर तेवढेच, दोनच. घरातल्या मोठ्या माणसांनी लांबलचक प्रार्थना सुरू केली की आमटी निवते, आणि मुलांना देवाचा राग येतो.