पिवळा दिवा आणि पी. यू. सी. चा दाखला

गेल्या दिवाळीच्या सुटींत पेणहून रोह्यास जात असतां, नागोठण्याजवळ आमच्या पेट्रोल-गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्यानें बॅटरीची तार काढून पुन्हां जोडली, दिवा विझला. दुसऱ्या दिवशीं धुराची तपासणी होऊन पी. यू. सी. चा दाखलाही हातीं पडला. आठवड्याच्या आंत दिवा पुन्हां लागला! ऑक्सिजन सेन्सर बिघडला होता. परंतु त्या बिघाडावर पांघरूण घालूं देण्याचा दोष आमचाच होय.

हा दिवा म्हणजे काय, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. गाडींतील लहानसा संगणक इंधनाचें प्रमाण, ठिणगी व धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक यांवर सतत नजर ठेवितो. दोष आढळला कीं त्याची सांकेतिक नोंद करून दिवा लावितो. आपल्या देशांत २०१३ पासून नव्या मोटारींत ही योजना पूर्णत्वानें आली, व १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ नियमांनीं ती अधिक कडक झाली.

पी. यू. सी. केंद्रांत मात्र पेट्रोल-गाडीच्या धुराच्या नळींत शलाका घालून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल-गाडीच्या धुराची दाटी पाहतात. ही परीक्षा कांहीं क्षणांची. म्हणून दिवा लागलेला असूनही दाखला मिळूं शकतो. अमेरिकेंतील अनेक राज्यांत १९९६ व त्यानंतरच्या गाड्यांच्या संगणकांतील नोंदच वाचतात. तार काढून आणलेली गाडी तेथें बहुधा परत पाठवितात. कारण पाटी नुकतीच पुसली आहे, हें पाटीच सांगते.

आमच्या मतें पेण-रोह्याच्या केंद्रांतही ही नोंद वाचली जावी. कोणी म्हणतील, गरीब वाहनधारकास हा खर्च कां? परंतु सेन्सर वेळीं न बदलल्यास पेट्रोल वाजवीपेक्षां अधिक जळतें, आणि पुढें त्याहून कितीतरी महाग असा उत्प्रेरकही निकामी होऊं शकतो. शिवाय या रस्त्यांनीं आमचीं मुलें पायीं शाळेस येतात; त्यांच्या फुप्फुसांस दाखला दाखवून भागत नाहीं.

तरी विद्यार्थ्यांनो, घरच्या गाडीचा पिवळा दिवा लागून गेला, तर वडिलांस नम्रपणें एवढेंच विचारा: “बाबा, दिवा विझविला, कीं गाडी दुरुस्त केली?”