कुलपासाठी केलेली डागडुजी

ती रील तुम्हीही पाहिली असेल. आधी पडकी भिंत, मोडकं दार, गवत माजलेलं अंगण. मग संगीत बदलतं आणि तेच घर लख्ख होऊन समोर येतं. ओटीवर झोपाळा, भिंतीला पांढरा रंग, वरून ड्रोन शॉट. खाली लिहिलेलं असतं, 'आजीचं घर वाचवलं.' आपण बदाम देतो आणि पुढे सरकतो.

रील जिथे संपते तिथून पुढचं सांगतो. घर वाचवणारा दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप लावतो, किल्ली शेजारी ठेवतो आणि पुण्याची गाडी पकडतो. मला हे माहीत आहे, कारण मीही हेच केलं.

आमचं घर राजापूरला आहे, नदीपासून जरा वर, चढावर. अर्जुना आणि कोदवलीचं पाणी बाजारात शिरलं तरी आमच्यापर्यंत येत नाही, त्यामुळे घर वर्षानुवर्षं टिकलं. आजी गेल्यावर ते तीन वर्षं बंद होतं. बाबा डोंबिवलीला, मी पुण्यात. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी मार्च ते मे तिथे राहिलो, लॅपटॉप पडवीत आणि गवंडी माजघरात. त्या तीन महिन्यांत मी जी मागणी सर्वांत जास्त वेळा केली ती एवढीच होती : असं काहीतरी करा की पुन्हा बघायला लागणार नाही.

या एका वाक्याने घराची वाट लागते.

'पुन्हा बघायला लागणार नाही' म्हणून मधल्या घरावरची मंगळुरी कौलं उतरवून पत्रे घातले. सारवलेली जमीन उकरून गुळगुळीत टाइल्स बसवल्या. जांभ्याच्या भिंतींचा जुना चुन्याचा गिलावा खरवडून त्यावर सिमेंट थापलं. कंत्राटदार प्रत्येक वेळी म्हणायचा, 'मेंटेनन्स फ्री, दादा.' मला तो शब्द फार आवडायचा. त्याचा अर्थ 'माणसाशिवाय' असा आहे, हे उशिरा कळलं.

जुनं कोकणी घर माणूस आत असेल असं धरूनच बांधलेलं असतं. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो जमिनीतली ओल वर खेचतो आणि चुन्यातून ती बाहेर सोडतो. वरून सिमेंट लिंपलं की ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती आतून वर चढते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. चुलीचा धूर वाशांना काळं करायचा आणि किडीला दूर ठेवायचा. कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढल्यानंतर ही चपटी कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यांचा मोठा गुण असा की एक फुटलं तर एकच बदलता येतं. पण त्यासाठी दरवर्षी पावसाआधी कुणीतरी वर चढून शाकारणी करायला हवी. एखादं कौल सरकलं तर घरातला माणूस खालून काठीने ते जागेवर ढकलतो. पाच मिनिटांचं काम. माणूस नसेल तर त्याच फटीतून चार महिने पाणी ठिबकतं, वासा कुजतो, वाळवी लागते आणि दिवाळीला आपण फोनवर हळहळतो, 'अरे, घर बसलं!'

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. जिथे जुलै महिन्यात कुणी राहणार नाही, त्या घरावर लाखो रुपये घालणं याला घर वाचवणं म्हणू नका. ती आपल्या अपराधी भावनेची डागडुजी आहे. आपण शहरात सुखाने झोपता यावं म्हणून केलेला तो खर्च आहे. माझ्या अंदाजाने त्याची मुदत दोन पावसाळे.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं : 'मग काय नोकरी सोडून गावी येऊ?' नाही. परत चला, मातीशी नातं जोडा, असला उपदेश मी करणार नाही. मी स्वतः परत गेलो नाही. गावात माझ्या कामाची नोकरी नाही आणि हे खोटं बोलून झाकण्यात अर्थ नाही. पण आपण राहू शकत नाही म्हणजे कुणीच राहू नये, हे कुठून आलं?

मी तिथे असताना एक शिक्षिका घर विचारायला आली. मूळची लातूरकडची, बदली होऊन आलेली, सोबत सहा वर्षांची मुलगी. बाजारात एका खोलीत राहत होती आणि पावसाळ्याच्या भीतीने उंचावरची जागा शोधत होती. बाबांनी फोनवरच नकार दिला. 'भाडेकरू बसला की उठत नाही.' ही भीती आपल्याकडे वारशातच येते, घराच्याही आधी. मुंबईतल्या जुन्या पागडीच्या चाळींच्या गोष्टी ऐकून आपण राजापुरातलं घर बंद ठेवतो. वस्तुस्थिती अशी की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये लिव्ह अँड लायसन्सची वेगळी तरतूद आहे. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुपटीने भरपाई द्यावी लागते. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. एवढं काम न करता 'लोक फार वाईट' म्हणणं सोपं असतं.

आता दुसरी गोष्ट, जी रीलमध्ये कधीच येत नाही. घर कुणाचं?

माझी आत्या लांज्याला राहते. आजी आजारी होती तेव्हा दर आठवड्याला एसटीने येणारी ती होती. आजी गेल्यावर तीन वर्षं गणपतीआधी घर उघडून झाडणारी, मे महिन्यात माणूस बोलावून शाकारणी करून घेणारीही तीच. आम्ही खर्च सुरू करण्याआधी काय केलं? तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. 'खर्च आम्हीच करतोय, उगाच पुढे गुंता नको.' हे वाक्य माझं. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मापासून हक्क मिळाला, तोही देशभर. हे मला माहीत होतं. मला माहीत होतं म्हणूनच तर सही हवी होती.

आत्या भांडली नाही. कागद वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, 'तू पत्रे घालतोयस ना, मग पडवीची कौलं तरी ठेव. तिथे मी बसते.' सही तिने आजतागायत केलेली नाही.

आपल्या कितीतरी 'वाचवलेल्या' घरांखाली असा एखादा कागद असतो. ज्या बाईने घर खरोखर जगवलं तिचं नाव मिळकत पत्रिकेवरून काढायचं आणि मग त्याच घरासमोर उभं राहून वारसा या विषयावर बोलायचं. मला याची लाज वाटते. तुमच्याही घरात असा कागद फिरत असेल तर तुम्हालाही वाटायला हवी.

तेव्हा गावचं घर दुरुस्त करायला निघाला असाल तर टाइल्सचे रंग निवडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. जुलैमध्ये इथे दिवा कोण लावणार? आजवर हे घर कुणी सांभाळलं, आणि कागदावर त्यांचं नाव आहे का? जो राहणार आहे त्याला काय हवंय, हे विचारलंत का? शिक्षिकेला झोपाळा नको होता. तिला चालू संडास, सुरक्षित वायरिंग आणि न गळणारी एक खोली हवी होती. आमच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शात ते झालं असतं.

पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर घर विका. विकणं हा अपमान नाही. दुसऱ्या कुणाची मुलं त्या अंगणात खेळतील. आपल्या आठवणींसाठी एक बंद घर ठेवायचं आणि त्याच गावात कुणीतरी पुराच्या भीतीने रात्र काढायची, अपमान हा आहे.

आमचं काय झालं, तेही सांगतो. मे संपता संपता मी मसुदा फाडला आणि बाबांशी चार दिवस भांडलो. करार झाला. मालक म्हणून त्यावर दोन सह्या आहेत, बाबांची आणि आत्याची. भाडं निम्मं निम्मं. सिमेंटच्या भिंतीला पहिल्याच पावसात ओल आली, पत्र्यांचा आवाज इतका होतो की मुलीला अभ्यास करता येत नाही. या दोन्ही चुका माझ्या, आणि त्यांचा त्रास ती दोघी सोसताहेत.

जुलैत एका रात्री शिक्षिकेचा मेसेज आला. पडवीत पाणी गळत होतं, खाली पातेलं ठेवलेलं. मी पुण्यातून कंत्राटदाराचा नंबर शोधत बसलो. तोवर तिने आत्याला फोन केला होता. आत्याने सांगितलं, दाराच्या मागे काठी आहे, तिसऱ्या वाशाजवळचं कौल खालून थोडं वर सरकव. दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला. पातेलं उचललेलं होतं.