विजयदुर्ग, हेलियम आणि एक चुकलेले साल

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की विजयदुर्गाविषयी तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. १८६८ साली याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण झाले, नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावर दुर्बीण लावून ते पाहिले आणि तिथेच हेलियमचा शोध लागला, अशी ही कथा. ज्या चौथऱ्यांवर त्याने उपकरणे ठेवली ते ‘साहेबाचे कट्टे’ पुरावा म्हणून दाखवले जातात. लेखांत, सहलींच्या माहितीपत्रकांत, शाळांतल्या भाषणांत ही कथा इतक्या वेळा आली आहे की तिच्यावर शंका घेणारा कोकणद्वेष्टा ठरावा. मला विजयदुर्ग आणि खगोलशास्त्र दोन्ही जिव्हाळ्याचे आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो: १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर विजयदुर्गावर नव्हता. तो भारतातच नव्हता.

लॉकियर तेव्हा लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी करणारा हौशी निरीक्षक होता. सूर्याच्या कडेवर ग्रहणात दिसणाऱ्या तांबड्या ज्वाला ग्रहणाशिवायही पाहता येतील, ही कल्पना त्याला त्याआधी दोन वर्षे सुचली होती. त्यासाठी हवा तसा वर्णपटदर्शक त्याने बनवायला टाकला, पण कारागिरांकडून तो हाती यायला १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्याने तो सूर्याच्या कडेकडे वळवला आणि ज्वालेच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. हेलियमच्या इतिहासातला लॉकियरचा पहिला दिवस हा, आणि तो लंडनमधला आहे. ग्रहण होऊन तेव्हा दोन महिने उलटले होते.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आला होता, यात शंका नाही. तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. सोबत मुलगा होता, सहकारी आल्फ्रेड फाउलर होता आणि मदतीला मेलपोमीन या युद्धनौकेवरचे खलाशी होते. कट्ट्यांचा संबंध लावायचाच तर तो याच छावणीशी लावावा लागतो. त्या वर्षी पृथ्वीवर हेलियम सापडून तीन वर्षे होत आली होती. म्हणजे माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. फक्त साल तीस वर्षे मागे सरकवले की बाकी कथा आपोआप उभी राहते. भर ऑगस्टात, श्रावण अमावास्येच्या सुमारास, कोकण किनाऱ्यावरचे आभाळ कसे असते हे देवगड तालुक्यात कुणालाही विचारावे. सूर्याच्या वर्णपटासाठी सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस त्या दिवसांत ही जागा निवडेल, हेच मुळात पटण्यासारखे नाही. जानेवारीत मात्र ही जागा उत्तम.

विजयदुर्गाचा दावा सोडला की काही जाणकार लगेच गुंटूरचा दावा पुढे करतात: हेलियमचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर जान्सन याने १८६८ मध्ये गुंटूरला लावला. हेही मला मान्य नाही. जान्सन गुंटूरला होता, ग्रहण त्याने पाहिले, हे पक्के. ज्वालांच्या रेषा त्याला इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसायला हव्यात असे त्याच्या मनाने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, भर उन्हात त्याने त्या पाहून दाखवल्या. आकाशाचा उजेड सर्व रंगांचा असतो, तो लोलकांतून जाताना पसरून फिका होतो. ज्वालेचा प्रकाश मोजक्या रेषांतच असल्यामुळे तो मात्र एकवटलेला राहतो. जान्सनचा शोध हा, या पद्धतीचा. लॉकियरने तेच स्वतंत्रपणे केले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत आली आणि पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेले पदक काढले. ते पदक ज्वाला पाहण्याच्या युक्तीबद्दल होते. त्या बैठकीच्या वेळी हेलियमचे नावही जन्माला आले नव्हते.

नवे मूलद्रव्य लपले होते एका पिवळ्या रेषेत, आणि ती रेषा त्या ग्रहणात अनेकांनी पाहिली. मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन होता, गुंटूरलाच टेनंट होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ढगांच्या फटींतून त्याला लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन रेषा सापडल्या, आणि नारिंगी रेषा त्याने सोडियमची धरली. १८६८ च्या ग्रहणाचा मराठी मुलखाशी खराखुरा धागा शोधायचा असेल तर तो या जमखंडीच्या छावणीत आहे. तिथली आठवण मात्र कुणी जागवत नाही.

सोडियम वाटणे अगदी साहजिक होते. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. मिठाची चिमूट गॅसच्या ज्योतीत टाकली की जो पिवळा भडका उठतो तो त्यांचाच. ग्रहणातली रेषा होती ५८७.६ वर. हे अंतर केवढे, ते पदवीच्या प्रयोगशाळेत पाहता येते. मिलिमीटरला सहाशे रेघा असलेले ग्रेटिंग टेबलावर बसवा, आधी सोडियमचा दिवा लावा, मग त्याच फटीसमोर हेलियमची नळी आणा. दुर्बिणीची उभी तार पिवळ्या रेषेवरून पुढच्या पिवळ्या रेषेवर न्यायला स्क्रू जेमतेम हलवावा लागतो, आणि व्हर्नियरवर तीन कलांच्या आसपास फरक पडतो. एक अंश म्हणजे साठ कला. निवांत अंधाऱ्या खोलीत, चहा पिऊन आलेल्या विद्यार्थ्याचीही तो वाचताना तारांबळ उडते. हर्शेलच्या वाट्याला काही मिनिटे होती, आणि त्यांतली निम्मीशिम्मी ढगांनी खाल्लेली.

लॉकियरचे श्रेय इथे सुरू होते. २० ऑक्टोबरला त्याने नोंदले की पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नाही, थोडी बाजूला आहे. घाई नव्हती, सूर्य रोज उगवत होता आणि त्याची पद्धत रोज चालत होती. पुढच्या आठवड्यांत त्याने रेषेची जागा पुन्हा पुन्हा मोजली. मग रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याच्यासोबत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबांखाली तपासून पाहिला, ही रेषा त्यातून निघते का म्हणून. निघाली नाही. ज्ञात असलेल्या कोणत्याही पदार्थातून निघेना. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, याने ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात या अज्ञात द्रव्याचे हेलियम हे नाव जाहीरपणे उच्चारले. तरीही पुष्कळ रसायनज्ञांनी ते मानले नाही. बाटलीत न सापडणाऱ्या मूलद्रव्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा? त्यांचा हा हट्ट मला रास्त वाटतो. त्याच काळात वर्णपटांतल्या अनोळखी रेषांवरून आणखीही द्रव्ये कल्पिली गेली आणि त्यांतली काही पुढे खोटी ठरली.

२६ मार्च १८९५ रोजी लंडनमध्ये विल्यम रॅमझेने क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून आम्लाने वायू काढला. तो आरगॉनच्या शोधात होता. वर्णपटात पिवळी रेषा आली, पण सोडियमच्या जागेवर बसेना. विल्यम क्रुक्सने मोजून सांगितले की ही सूर्यातलीच रेषा. शोध पुरा झाला तो इथे. १८६८ पासून सत्तावीस वर्षे लागली, आणि तो कोणत्याही एका गावाचा, एका दिवसाचा किंवा एका साहेबाचा नव्हता.

यावर एक उत्तर नेहमी मिळते, आणि ते देणारी माणसे प्रामाणिक असतात: तारीख थोडी चुकली म्हणून काय बिघडले? त्या निमित्ताने पोरे किल्ल्यावर येतात, विज्ञानाचे चार शब्द ऐकतात, गावाला अभिमान वाटतो. बिघडते ते असे. साहेब आला, त्याने दुर्बिणीला डोळा लावला, शोध लागला, एवढेच ऐकून मूल घरी गेले तर शोध म्हणजे नशिबाने दिसणारी गोष्ट, अशी त्याची समजूत होते. रेषेच्या जागेवरचा वाद, हायड्रोजनवरचे निष्फळ प्रयोग, न मानणारे रसायनज्ञ, रॅमझेची नळी हे सारे गळून पडते. आणि विज्ञान तर तेवढ्यातच होते. शिवाय यांतले एखादे मूल पुढे लॉकियरचे चरित्र उघडेल आणि आपल्याला शाळेत खोटे सांगितले गेले हे त्याला कळेल. तेव्हा त्याचा विश्वास फक्त या कथेवरूनच उडेल असे समजू नये.

सूर्यात पाव हिस्सा वस्तुमान हेलियमचे असूनही साध्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात ते दिसत कसे नाही, हा प्रश्न त्या मुलांपुढे कुणीच मांडत नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा नोंदल्या. कोणती रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ नंतर सांगितले. ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही, असे ओग्युस्त कोंतने १८३५ मध्ये ठामपणे लिहिले होते, ते पाव शतकातच खोटे ठरले. पण त्या शेकडो रेषांत ही पिवळी रेषा नव्हती. कारण असे, की हेलियमच्या अणूने हा प्रकाश शोषण्याआधी त्याचा इलेक्ट्रॉन फार वरच्या पायरीवर, तळापासून सुमारे २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंचीवर, चढलेला असावा लागतो. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान ५,८०० केल्विनच्या आसपास. एवढ्या उष्णतेत तिथपर्यंत जवळजवळ एकही अणू पोचत नाही. हेलियम खच्चून भरलेले असते, पण मुके. त्या पृष्ठभागाच्या वर, पातळ वर्णावरणात आणि ज्वालांत, प्रभाकिरीटाकडून अतिनील आणि क्ष-किरणांचा मारा होतो, अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, परत येताना पायऱ्या उतरतात आणि पिवळा प्रकाश सोडतात. तो दिसायला चंद्राने तळपती थाळी झाकावी लागते किंवा वर्णपटदर्शकाची फट अचूक कडेवर धरावी लागते. ग्रहणाची गरज होती ती म्हणून.

मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्यांचे पृष्ठभाग पंचवीस-तीस हजार केल्विनच्या घरातले. तिथे हेलियम उघड बोलते, त्याच्या काळ्या रेषा साध्या वर्णपटातच उमटतात. द्रव्य तेच, तापमान वेगळे, म्हणून रेषा वेगळ्या, हे गणिताने बांधले ते मेघनाद साहांनी, १९२० मध्ये. त्या समीकरणाच्या आधारे सिसिलिया पेन हिने १९२५ च्या प्रबंधात दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. हेन्री नॉरिस रसेलसारख्या दिग्गजाला ते पटेना, आणि त्याच्या दडपणाखाली तिने स्वतःच्याच निष्कर्षाला खरा नसावा असे म्हटले. चार वर्षांनी रसेलनेच तो मान्य केला. आज आपण जाणतो की सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन हेलियमच्या रूपात बदलतो, आणि त्यात घटणारे चाळीसेक लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. सूर्यातले बहुतेक हेलियम मात्र त्याने स्वतः बनवलेले नाही. ते विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत तयार झाले. दूरदूरच्या दीर्घिकांतही ते साधारण त्याच प्रमाणात भेटते. पिवळ्या रेषेचा मागोवा घेत माणूस इथवर आला.

दुसऱ्या टोकाचे म्हणणेही खोडून काढले पाहिजे. काही जण म्हणतात, सगळे साहेबांनीच केले, आपली फक्त जमीन आणि सावली. हेही खरे नाही. १८६८ चे तेच ग्रहण मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी यांनी निजामाच्या मुलखात, वनपर्तीला जाऊन पाहिले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी एक रूपविकारी तारा शोधला होता. आणि १८९८ मध्ये लॉकियर विजयदुर्गावर असताना पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला छावणी टाकून ग्रहणाचे वर्णपट टिपत होते. त्यांच्या पुण्यातल्या वेधशाळेला भावनगरच्या महाराजांनी पैसा दिला होता. तिची वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. पुण्यात हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

विजयदुर्गाचा कार्यक्रम बंद करावा असे मी अजिबात म्हणत नाही. तारीख बदलून तो २२ जानेवारीला करावा. कट्ट्यांशेजारच्या फलकावर १८९८ लिहावे. इथे हेलियम शोधले गेले नाही, ज्याने त्याची रेषा सोडियमपासून वेगळी काढली तो शास्त्रज्ञ इथे सूर्याच्या वर्णावरणाची छायाचित्रे घ्यायला आला होता, असे सरळ मराठीत लिहावे. त्याच ग्रहणाच्या त्याच पट्ट्यात जेऊरला नायगमवालांच्या जोडीने लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता, पुलगावला न्यूऑल होता, विदर्भातल्याच तळणीला अॅनी आणि वॉल्टर माँडर हे दांपत्य होते, आणि अॅनीने तिथे प्रभाकिरीटाचा लांबच लांब धुमारा छायाचित्रात पकडला. एका दुपारी महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून वर्ध्यापर्यंत जगातले नामवंत सूर्यशास्त्रज्ञ पसरले होते. या गावांतल्या शाळांना त्यांचे साल आणि त्यांची माणसे सांगावीत. ग्रेटिंग आणि हेलियमची नळी जवळच्या कॉलेजातून मागून आणता येईल. सोडियमच्या रेषेपासून त्या तीन कलांचे अंतर प्रत्येक मुलाने स्वतः वाचावे.