मधल्या सुट्टीतली भाषा

मीटिंगमध्ये आपलं कुणी ऐकत नाही म्हणून वैतागता ना? मग निकाराग्वाच्या या पोरांची गोष्ट ऐकाच. १९७७ मध्ये मानाग्वात विशेष शाळा निघाली, कर्णबधिर मुलं जेमतेम ५०. क्रांतीनंतर, १९८३ पर्यंत, दोन शाळांत मिळून ४०० च्या वर. घरी प्रत्येकाच्या खाणाखुणा वेगळ्या. मास्तरांचा हट्ट एकच, ओठ बघा, स्पॅनिश शिका! सगळं डोक्यावरून (आपल्या ट्रेनिंगसारखंच). पण स्कूलबसमध्ये, मैदानात पोरांच्या खुणा एकमेकींत मिसळत गेल्या. मास्तरांना ती नुसती नक्कल वाटली. शेवटी १९८६ मध्ये सरकारने अमेरिकेहून भाषातज्ज्ञ ज्युडी केगल यांना बोलावलं. बाईंनी पाहिलं तर काय, धाकट्या पोरांच्या हातांत चक्क व्याकरण होतं, तेही थोरल्यांपेक्षा पक्कं!