फवारणीचे विष आणि ॲट्रोपिनची सुई



पाथरी तालुक्यात कापसावर फवारणी सुरू झाली की रोजाने पंप पाठीवर घेणाऱ्यांत आपल्या वस्तीतले हातही असतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

तोंडाला लाळ, दरदरून घाम, उलट्या, बारीक झालेली बाहुली, छातीत घरघर ही ऑर्गॅनोफॉस्फरस विषाची लक्षणे. अशा वेळी ॲट्रोपिनचे इंजेक्शन जीव वाचवते. डॉक्टर ते शिरेतून देतात आणि दर पाच मिनिटांनी छाती तपासून, घरघर थांबेपर्यंत मात्रा वाढवतात. जास्त झाले तर ताप येतो, माणूस बरळतो, लघवी अडते. म्हणून गावातच सुई टोचून घरी परतू नका. बरे वाटले तरी विष पुन्हा उलटू शकते. डॉक्टर सोडीपर्यंत दवाखान्यातच राहा.

विंचू चावल्यावर मात्र ॲट्रोपिन घेऊ नये. त्याने हृदयावरचा ताण वाढतो. तिथे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेली प्राझोसिनची गोळी उपयोगी पडते.

विषबाधा होताच कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, 108 ला फोन करा, औषधाचा डबा सोबत न्या. रोज बुडेल, मालक रागावेल, हा विचार नंतर. आधी जीव!