खेळात जात कोणी आणली?

सोयाबीन घरात आले, थंडी पडू लागली की वाशीम जिल्ह्यात गावोगावी टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. रिसोड असो, मालेगाव असो, मंगरुळपीर असो की मानोरा, चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर प्रवेश फी, पहिले बक्षीस, दुसरे बक्षीस आणि अर्ध्या जागेत पुढाऱ्यांचे फोटो. सामन्याच्या आधी प्रत्येक गावाच्या टीममध्ये एक वाद ठरलेला असतो. कप्तान कोण? पहिली ओव्हर कोणाची? बाहेर कोण बसणार? आपल्या वस्तीतल्या पोराने हा प्रश्न विचारला की लगेच उत्तर येते, "खेळात जात आणू नका. मेरिट पाहा."

ठीक आहे. मेरिटच पाहू. शंभर वर्षांचा हिशोब मांडून पाहू.

बाळू पालवणकर हे नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? चांभार समाजातला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामे करायचा. इंग्रज खेळाडूंच्या सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचा. त्या घामातून देशातला सर्वोत्तम डावखुरा स्पिनर तयार झाला. युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाकीच्यांना पॅव्हेलियनमध्ये कपबशी आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. खेळात जात आणली ती कोणी?

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज. त्या दौऱ्यात संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूने ११४ बळी घेतले. महाराजांच्या कप्तानपदाचे मेरिट कोणते होते? संस्थान. तेव्हा कोणी म्हटले नाही की खेळात गादी आणू नका.

त्यानंतर चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचा कप्तान निवडायची वेळ दरवर्षी येत राहिली. बाळू सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी. पण १९१३ ला कप्तान झाले एम. डी. पै. खुद्द पै यांनीच बोलून दाखवले की हा मान बाळूला मिळायला हवा होता. निवडलेला माणूस स्वतः सांगतो की माझ्यापेक्षा हा लायक आहे, तरी निवड समितीला ते दिसत नाही. कारण समिती चेंडू पाहतच नव्हती.

१९२० साल आपल्यासाठी साधे नाही. जानेवारीत 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. मेअखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली. त्याच वर्षी मुंबईत हिंदू संघाच्या निवडीत बाळूला वगळले गेले. पै आजारी, म्हणून कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेले. बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघात होते. दोघांनी जाहीर निवेदन काढले आणि खेळायला नकार दिला. आमची जात हेच कारण आहे, हे त्यांनी लपवले नाही.

दोघे भाऊ बाहेर बसल्यावर काय झाले पाहा. पै परतले, बाळूला संघात घेऊन उपकप्तान करावे लागले, आणि सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूने संघाचे नेतृत्व केले. कप्तानपद पूर्ण मिळाले नाही, मागच्या दाराने थोडा वेळ मिळाले. पण दार किलकिले झाले. १९२३ ला विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. मेरिट १९२३ ला अचानक उगवले नव्हते. ते १९११ च्या स्कोअरबुकात लिहिलेले होते. बदलले ते एवढेच, की समितीला आता नकाराची किंमत मोजावी लागत होती.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, इथलीच झाली. तर मग बाहेर पाहा. दलित पँथर ज्यांच्या लढ्याकडे पाहून उभी राहिली, त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा अनुभव ऐका. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची जागा असते. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हाती येतो. कोणाकडे द्यायचा, कुठे फेकायचा हे तो ठरवतो. म्हणजे संघाचा मेंदू. काळ्या खेळाडूला अनेक दशके सांगितले गेले की तू जोरात पळतोस, तू धावायच्या जागेवर खेळ, विचार करायची जागा तुझी नाही. वॉरन मून विद्यापीठाच्या संघाला मोठी स्पर्धा जिंकून देऊनही १९७८ ला व्यावसायिक संघांनी त्याला क्वार्टरबॅक म्हणून निवडले नाही. तो कॅनडात गेला आणि तिथे सलग पाच अजिंक्यपदे जिंकणाऱ्या संघात खेळला. जानेवारी १९८८ मध्ये डग विल्यम्सने वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोल जिंकून दिला तेव्हा कुठे पहिला काळा क्वार्टरबॅक त्या स्पर्धेचा विजेता झाला. अंगमेहनत तुमची, डोके आमचे. हे वाक्य मनुस्मृतीतच असते असे नाही.

आता दक्षिण आफ्रिका. तिथल्या क्रिकेट मंडळाने २०१६ ला उद्दिष्ट ठरवले. हंगामाच्या सरासरीत राष्ट्रीय संघात किमान सहा खेळाडू गौरेतर, त्यांत किमान दोन काळे आफ्रिकी. लगेच ओरड सुरू झाली, मेरिट मेले. टेम्बा बवुमाला 'कोट्यातला खेळाडू' म्हणून वर्षानुवर्षे हिणवले गेले. त्याच बवुमाच्या नेतृत्वाखाली जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचे विश्वविजेतेपद मिळवले. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना त्याने दुसऱ्या डावात ६६ धावा केल्या. ज्यांना 'राखीव जागेवाला' म्हणून कॉलेजात टोमणे ऐकावे लागतात, त्यांनी हा सामना लक्षात ठेवावा. पण एक गोष्ट त्याहून नीट लक्षात ठेवावी. बवुमा हरला असता तरी त्याचा हक्क खोटा ठरला नसता. गोरे कप्तान हरले तेव्हा कोणी गोऱ्यांचे मेरिट तपासले नाही. आपल्या माणसाने जिंकूनच हक्क सिद्ध करायचा ही अटच मुळात जातीय आहे.

म्हणून वाद कप्तानाच्या नावावर संपवू नका. प्रश्न विचारा की निवडणारे कोण आहेत. कमिटीत किती वस्त्यांची माणसे आहेत? निवडीचे निकष सामन्याआधी कोणी सांगितले का? बक्षीस ज्याच्या नावाचे, कप्तान त्याचाच भाचा, असे असेल तर ते कोणते मेरिट? आणि जिथे मैदान, किट, कोच आणि नागपूरपर्यंतच्या गाडीभाड्यालाच सुरुवात होते, तिथे मानोऱ्याच्या तांड्यावरचा किंवा वाशीमच्या खेड्यातला पोरगा निवड चाचणीपर्यंत पोहोचतच नाही. विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला याचा आनंद आपल्यालाही आहे. त्या आनंदात आपल्या जिल्ह्याचा वाटा मागणे म्हणजे खेळात जात आणणे नव्हे.

तीन कामे लगेच करता येतात. पहिले, प्रत्येक गावाच्या टीमने स्कोअरबुक ठेवावे. बाळूचे ११४ बळी आज आपण ठामपणे सांगू शकतो, कारण ते लिहिले गेले. तोंडी कौतुक समिती विसरते, वही विसरू देत नाही. दुसरे, निकष लेखी मागा आणि कमिटीत जागा मागा. तिसरे, अन्याय झाला तर एकट्याने रुसून घरी जाऊ नका. पालवणकर भाऊ एकत्र बाहेर पडले, कारण सांगून बाहेर पडले आणि संघाला त्यांची गरज असतानाच बाहेर पडले. म्हणून ते परत सन्मानाने आत आले.

आता थोडे आपल्या घरातले. भीमजयंतीच्या सामन्यात आपली टीम उतरते, तेव्हा तिचा कप्तान कोण असतो? मातंग, चांभार, बंजारा, पारधी, मुस्लिम पोरे आपल्या टीममध्ये फक्त पळायला आहेत की ठरवायलाही? बाळू पालवणकर १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. यावरून त्यांना शिव्या देणे सोपे आहे. पण ज्यांनी त्यांना कप्तान करताना जात पाहिली, त्याच सवर्ण पुढारपणाला बाबासाहेबांच्या विरोधात उभे करायला अस्पृश्य खेळाडू हवा होता. संघात खेळवायचा, कप्तान करायचा नाही, आणि आपल्याच माणसासमोर उभा करायचा. हा डाव आजही वाशीमच्या प्रत्येक निवडणुकीत टाकला जातो. तो उधळायचा तर आपल्या टीममध्ये आपल्याच भावंडांना बाराव्या खेळाडूची जागा देऊन चालणार नाही. आणि विहाराच्या पटांगणात बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलींनाही फक्त टाळ्या वाजवायला बोलावून चालणार नाही.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले की खेळात जात आणू नका, तर शांतपणे सांगा, आम्ही ती काढायला आलो आहोत. आधी कमिटीची यादी दाखवा.

जय भीम. जय संविधान.